वापरातून गेलेल्या नळांची तोंडे

घर दुरुस्तीला काढले की घरातल्या माणसांच्या बोलण्यात तेच ते विषय येतात. फरशी कोणती घ्यायची, रंग कोणता द्यायचा, सिमेंटची किती पोती लागतील आणि पैसे कुठून उभे करायचे. परंतु जुनी मोरी फोडली, न्हाणीघर हलवले, स्वयंपाकाचा ओटा दुसऱ्या भिंतीला नेला, म्हणजे भिंतीत आणि जमिनीखाली जे जुने पाईप उरतात त्यांचे काय करायचे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मिस्त्री त्यावर सिमेंट फिरवतो, वरून फरशी बसते आणि सगळे विसरून जातात. आमच्या महालातल्या घराची दुरुस्ती निघाली तेव्हा नेमक्या याच गोष्टीवरून घरात आठ दिवस चर्चा चालली. त्या चर्चेतून आम्हाला जे कळले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहीत आहोत.

महाल म्हणजे जुने नागपूर. भोसल्यांच्या वाड्यांवरून या भागाला नाव पडले. मोठे वाडे होते त्यांच्या आसपास लहान माणसांची लहान घरे उभी राहिली, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दारातून माणसे एकमेकांना वाटी देऊ शकतात. भिंतीला भिंत लागलेली. अशा वस्तीत एका घराचा पाईप दुसऱ्याच्या ओट्याखालून जातो आणि दोघांचेही पाईप नालीखालून, कधी नालीतूनच जातात. म्हणून महालात कोणाच्याही घरचा नळ पूर्णपणे त्याच्या एकट्याचा नसतो.

या शहराला नळाचे पाणी फार लवकर आले, पण सगळ्यांना एकाच वेळी आले नाही. १८७० च्या सुमारास अंबाझरी तलावाचे पाणी मातीच्या पाईपांतून शहरात आणले गेले, तेव्हा ते अधिकारी आणि प्रतिष्ठित लोकांपर्यंतच पोचत होते. पुढे गोरेवाडा तलाव झाला, कन्हान नदीचे पाणी आले, त्यानंतर पेंचचे आले. कष्टकऱ्यांच्या वस्तीत नळ आला तो प्रथम सार्वजनिक, आणि एका नळावर बायकांची लांबच लांब रांग.

आमचे आजोबा भंडारा जिल्ह्यातून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी जुम्मा तलावाजवळ होती, त्यामुळे महालातून पायी जाता येत असे. बाबाही तेथेच लागले. २००२ साली ती गिरणी कायमची बंद झाली. आजीच्या माहेरी गावच्या विहिरीवर आपल्या बायकांना हात लावता येत नव्हता. दुसऱ्या कोणी वरून ओतले तर घागर भरायची, नाही तर वाट पाहत बसायचे. नागपुरात आल्यावर आजी सार्वजनिक नळावर पहाटे तीनला घागरी लावायची. १९७४ साली बाबांनी पगारातून थोडे थोडे साठवून घरच्या अंगणात स्वतःचा नळ घेतला. अर्ध्या इंचाचा लोखंडी पाईप आणि त्यावर जड पितळी तोटी. त्या दिवशी आजीने सगळ्या घागरी पुन्हा पुन्हा भरून पाहिल्या, असे आई सांगते. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

मागच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन झाल्यावर आम्ही दुरुस्तीला हात घातला. आईचे गुडघे दुखतात, तिला अंगणातल्या संडासापर्यंत रात्रीबेरात्री जाणे जमेना. धाकट्या भावाच्या बायकोला सातवा महिना होता. म्हणून न्हाणीघर आणि संडास घरातच घ्यायचे, ओटा मागच्या खोलीत न्यायचा आणि अंगणावर पत्रे टाकून एक खोली वाढवायची, असे ठरले. जोडणीसाठी नवा पाईप समोरच्या बाजूने आला. काम अर्ध्यावर आले तेव्हा मोजले, तर जुन्या पाईपांची पाच तोंडे उघडी पडली होती. अंगणातला नळ, जुन्या न्हाणीघरातला नळ, जुन्या ओट्याजवळचा नळ ही तीन येणाऱ्या पाण्याची, आणि मोरीचा निकास व अंगणातल्या संडासाचा पाईप ही दोन जाणाऱ्या पाण्याची.

मिस्त्री म्हणाला, "काकाजी, चिंधीचा बोळा कोंबून वरून सिमेंट मारून देतो. कोण पाहायला येते?" त्याचा हेतू वाईट नव्हता. तो जिथे काम शिकला तिथे तसेच करीत आले आहेत आणि आपले चार पैसे वाचावेत असेच त्याला वाटत होते. पण आमचा आतेभाऊ नळफिटिंगचे काम करतो. तो संध्याकाळी येऊन पाहून गेला आणि बाबांना म्हणाला, "मामाजी, नळ वापरात नाही म्हणजे तो मेला असे नाही. त्याचा दुसरा टोक अजून लाईनीला लागलेला आहे. इथे बोळा कोंबाल तर घाण तुमच्याच घरात येईल, आणि तुमच्या घरातून गल्लीत जाईल."

हे कसे, ते त्याने समजावून सांगितले. नळाला पाणी असते तेव्हा पाईपात दाब असतो आणि पाणी फटीतून बाहेर गळते. पण पुरवठा बंद झाला, किंवा खालच्या बाजूला कोणी जोरात पाणी ओढू लागले, की पाईपातला दाब कमी होतो. तेव्हा तीच फट बाहेरचे पाणी आत ओढते. पाईपाचे टोक नालीजवळ असेल तर आत ओढले जाते ते नालीचे पाणी. लाईनीला थेट टुल्लू पंप लावला तर ही ओढ आणखी वाढते. पंप एका घरात चालतो आणि घाण दुसऱ्याच्या माठात उतरते. म्हणूनच लाईनीला थेट पंप लावण्यास बंदी आहे. चिंधी कुजते, लाकडी गुट्टा सडतो, सिमेंटला तडा जातो. पाण्याचा दाब अडवणे हे त्यांचे कामच नव्हे.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. आमच्या गल्लीत १९९० च्या दशकात एका पावसाळ्यात सात घरांत कावीळ झाली. पिवळे डोळे घेऊन मुले निजून राहिली. एका घरची पोटुशी सून दगावली. नंतर लाईन खोदली तेव्हा नालीच्या तळाशी एक जुना पाईप सापडला. एका घराने नळाची जागा बदलली होती आणि जुन्या पाईपाच्या तोंडात लाकडी गुट्टा ठोकून दिला होता. गुट्टा सडून गेला होता. ते घर कोणाचे हे सांगण्यात अर्थ नाही, त्यांच्याही दोन मुलांना कावीळ झालीच होती. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा ई नावाचा प्रकार गरोदर बाईला विशेष घातक असतो, हे आता डॉक्टर सांगतात. दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत अशीच काविळीची मोठी साथ आली. नजफगड नाल्याचे मैलापाणी यमुनेत पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तिथे घाण नदीतच मिसळली होती, आणि पाणी तर शुद्धीकरण केंद्रातून जाऊन लोकांच्या नळाला येत होते. मोठ्या केंद्रातूनही जी घाण निसटली, ती घरासमोरच्या नालीतून शिरली तर तिला अडवायला मध्ये काहीच नसते.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. वापरातला पाईप रोज धुतला जातो. बंद पडलेल्या फाट्यात पाणी तसेच उभे राहते. त्यातले क्लोरीन उडून जाते, गंज सुटतो, आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू वाढतात. २० ते ४५ अंश उष्णतेच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो आणि त्याने फुप्फुसाचा आजार होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात भिंतीतले पाणी किती तापते हे आपणास सांगायला नको. म्हणून आतेभावाचे म्हणणे असे की नुसते टोक बंद करून भागत नाही. जिथे हा फाटा चालू पाईपापासून फुटतो तिथेच तो कापावा आणि तिथेच कॅप बसवावी. म्हणजे उभे राहायला पाणीच उरत नाही.

एवढे पटल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण बाबा म्हणाले, "बाकीचे सगळे कापा. अंगणातला नळ राहू द्या."

आम्ही गप्प झालो. तो नळ बाबांच्या दृष्टीने काय होता ते आम्हाला ठाऊक होते. आजीने जन्मभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहून पाणी घेतले, आणि ज्या तोटीने ते संपवले ती ही तोटी. गिरणी गेली, आजोबा-आजी गेले, नळ राहिला. मोठा भाऊ म्हणाला, राहू द्या, वरून पत्रे येतील, भिंतीत दिसत राहील. आतेभाऊ म्हणाला, वापरात ठेवत असाल तर माझी काही हरकत नाही, पण पन्नास वर्षांचा लोखंडी पाईप आहे, नालीखालून येतो, आतून किती खाल्ला आहे कोण जाणे. नवी लाईन समोरून आल्यावर या नळाला कोण हात लावणार? आठवड्याभरात तो नुसता उभा राहील. मग आठ दिवस हाच विषय. जेवताना, चहा पिताना, रात्री निजताना.

शेवटी मोठ्या वहिनी बोलल्या. त्या सहसा बाबांसमोर बोलत नाहीत. "बाबा, नळ तुमचा आहे. पण पाणी साऱ्या गल्लीचं आहे. अन् आपल्या घरात सातवा महिना आहे." बाबांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आतेभावाला बोलावून घेतले आणि सांगितले, "कापायचा तर मुळापासून काप. अर्धवट ठेवू नकोस."

मुळापासून म्हणजे काय, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. रस्त्याखालच्या मोठ्या लाईनीला प्रत्येक घरजोडणीसाठी एक पितळी तुकडा बसवलेला असतो, त्याला फेरूल म्हणतात. जुनी जोडणी खरोखर बंद करायची तर ती फेरूलपाशी बंद व्हावी लागते. हे काम घरच्या माणसाने किंवा खासगी प्लंबरने परस्पर करायचे नसते. पाणीपुरवठा कार्यालयात जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज द्यावा, अर्जाची पोच घ्यावी आणि त्यांच्या माणसांकडून ती बंद करवून घ्यावी. नागपूर महानगरपालिकेने २०१२ पासून चोवीस तास पाण्याची योजना हाती घेतली. तिच्यात गंजक्या लोखंडी घरजोडण्यांऐवजी निळ्या एमडीपीई पाईपच्या जोडण्या देण्यात आल्या. अशी नवी जोडणी आपल्या घरी आली असेल, तर जुन्या लोखंडी पाईपाचे घराच्या आतले तुकडे आजही भिंतीत असू शकतात. ते कुठे आहेत आणि कशाला जोडलेले आहेत, हे एकदा पाहून घ्यावे.

पाईपाला करवत लावण्याआधी आतेभावाने आणखी एक गोष्ट पाहिली, जी आमच्या कोणाच्या ध्यानातही नव्हती. विजेच्या बोर्डामागून एक उघडी तार आली होती आणि ती नळाच्या लोखंडी पाईपाला गुंडाळलेली होती. जुन्या घरांत वायरमन अर्थिंग अशाच रीतीने देत असत. लोखंडी पाईप जमिनीत गेलेला असे, तोवर ते चालून जाई. पण पाईप कापला, किंवा मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला, की अर्थिंग गेले. घरातल्या कोणालाही ते कळत नाही, आणि उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लागला की जीवावर बेतते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. म्हणून लोखंडी पाईप कापण्याआधी मेन स्विच बंद करावा, इलेक्ट्रिशियनला बोलावून तार तपासावी, आणि अर्थिंगचा वेगळा खड्डा करून घ्यावा. आम्ही तसा करून घेतला. खर्च वाढला, पण तो फरशीच्या खर्चातून कमी केला.

मग तीनही फाटे चालू पाईपापाशी कापले. लोखंडी पाईपाच्या चुड्या ब्रशने साफ केल्या, त्यावर टेफ्लॉन टेप चुडीच्या दिशेने गुंडाळली आणि कॅप पाईप-पान्याने घट्ट बसवली. टेप उलट्या दिशेने गुंडाळली तर कॅप फिरवताना ती सुटून येते. जुने कारागीर टेपऐवजी सूत आणि सफेदा वापरतात, तेही चालते. चुड्या खाल्लेल्या असतील तर तेवढा तुकडा कापून नवीन चुड्या पाडाव्यात. खाल्लेल्या चुडीवर कितीही टेप गुंडाळली तरी ती धरत नाही. नव्या सीपीव्हीसी पाईपाला त्याच जातीची कॅप आणि त्याच जातीचे सोल्युशन लागते, पीव्हीसीचे सोल्युशन त्याला चालत नाही. ते लावल्यावर डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ पाणी सोडू नये. बाहेर फक्त तोटी काढून ठेवलेली जागा असेल आणि पुढे तिथे पुन्हा नळ लावायचा असेल, तर चुडीचा प्लग बसवावा. एका कॅपची किंवा प्लगची किंमत दोन-चार चहांपेक्षा फार नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्लास्टर लगेच करायचे नाही. आम्ही लाईन पूर्ण भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी प्रत्येक कॅपखाली कोरडा कागद धरून पाहिला. एका जागी कागद ओला झाला. ती कॅप काढून पुन्हा बसवली आणि आणखी एक रात्र थांबलो. मिस्त्री कुरकुरला, त्याचा एक दिवस गेला होता. त्या दिवसाची अर्धी मजुरी आम्ही दिली. भिंत बुजवण्याआधी पुतणीने मोबाईलमध्ये फोटो काढले आणि वहीत नकाशा केला. कोणत्या भिंतीत, जमिनीपासून किती फुटांवर, कोणती कॅप. उद्या खिळा ठोकताना किंवा भिंत ओली दिसल्यास शोधाशोध नको. ही वही आम्ही घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवली आहे.

बाबांची पितळी तोटी आतेभावाने जपून काढली. आईने ती चिंचेने घासली, आतला वायसर नवा घातला, आणि ती नव्या लाईनीवर दाराबाहेर ओट्याच्या कडेला बसवली. आता गल्लीत झाडायला येणाऱ्या ताई, भाजीवाले, शाळेची पोरे तिथे पाणी पितात. रोज वापरात असलेल्या नळाला कॅपची गरज नाही.

आता जाणाऱ्या पाण्याच्या पाईपांकडे वळू. यांच्याकडे आणखी दुर्लक्ष होते, कारण त्यातून पाणी येत नाही, नुसता वास येतो. आपल्या न्हाणीघराच्या जाळीखाली आणि संडासाच्या भांड्याखाली एक वाकडा भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी नेहमी उभे राहते आणि तेवढे पाणी गडर लाईनीतला वास, झुरळे आणि घाण हवा अडवून धरते. इथे उभे पाणी हवे असते, हा फरक लक्षात ठेवावा. मोरी वापरातून गेली की ते पाणी हळूहळू उडून जाते. नागपूरच्या मे महिन्यात तर फारच लवकर. मग गडर लाईनीचे तोंड सरळ घरात उघडते.

याचे फळ काय होऊ शकते ते हाँगकाँगमध्ये दिसले. मार्च २००३ मध्ये तेथील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स हा रोग तीनशेहून अधिक लोकांना झाला. तपास झाला तेव्हा अनेक घरांच्या न्हाणीघरातले जमिनीचे ट्रॅप कोरडे पडलेले आढळले. लोक फरशी पाण्याने धूत नव्हते, पुसून घेत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणीच जात नव्हते. मैल्याच्या पाईपातली दूषित हवा आणि तुषार त्या वाटेने घरात आले, असे तपासणाऱ्यांनी सांगितले. आपली घरे तेवढी उंच नाहीत, पण ट्रॅप तेच काम करतो.

म्हणून मोरीचा निकास कायमचा बंद करायचा असेल तर तो जिथे चेंबरला किंवा मोठ्या पाईपाला मिळतो तिथेच कापून पीव्हीसीची कॅप सोल्युशन लावून बसवावी. विटेचा तुकडा आणि सिमेंट यांनी काम होत नाही, उंदीर ते पोखरतात. आमच्या अंगणातल्या संडासाचे तसेच केले, भांडे काढले, पाईप चेंबरपाशी बंद केला आणि मधला तुकडा उपटून टाकला. ज्या जाळीचा कधीमधी उपयोग होतो ती बंद करू नये, आठवड्यातून एकदा तिच्यात तांब्याभर पाणी ओतावे. आई ते रविवारी करते.

काही तोंडे अशीही असतात जी कधीच बंद करायची नसतात. छतावर गेलेला गडरचा किंवा सेप्टिक टँकचा हवेचा पाईप वास येतो म्हणून पुष्कळ लोक बुजवून टाकतात. तो बुजवला की खाली ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि वास घरात येतो. त्याच्या तोंडाला डासांची जाळी बांधावी, एवढेच. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाईपालाही जाळी बांधावी, कॅप लावू नये. गिझरच्या सेफ्टी वॉल्वमधून थेंब गळतो म्हणून तिथे प्लग ठोकणे तर फारच धोक्याचे, आतला दाब वाढून गिझर फुटू शकतो. आणि अंगणात जुना हौद असेल व तो वापरात नसेल तर त्यात माती भरून टाकावी. रिकाम्या हौदात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचे डास होतात.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, नळाच्या एका कॅपसाठी एवढे? आमचे म्हणणे असे की पाण्याच्या बाबतीत आपल्या माणसांनी कोणतीही गोष्ट लहान मानू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुल्या झालेल्या त्या तळ्याचे पाणी घ्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना घेऊन जावे लागले, आणि त्यानंतर कोर्टात दहा वर्षे झगडावे लागले. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल लागला. ठराव आणि प्रत्यक्ष पाणी यांच्यामध्ये किती अंतर असते, हे आपल्या इतके कोणाला ठाऊक असणार? नळाचेही तसेच आहे. कार्यालयाच्या वहीत जोडणी बंद म्हणून लिहिली गेली, पण जमिनीत तिचे तोंड उघडेच राहिले, तर ती बंद झाली नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही आपला काय संबंध असे म्हणू नये. पाणी तर तेच पितात. घरमालकाला दाखवून द्यावे, चार भाडेकरूंनी मिळून सांगितले तर तो ऐकतो. जिथे नळाला सुरुवातीचे पाणी गढूळ येते, वास येतो, किंवा पावसाळ्यात एकाच गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ किंवा हगवण दिसते, तिथे पाणी उकळून प्यावे आणि लगेच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. एकट्या घराने तक्रार करण्यापेक्षा गल्लीने केलेली बरी. पौर्णिमेला विहारात आपण जमतोच, तेव्हा वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. वस्तीतली नळफिटिंग येणारी आपली पोरे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रत्येक घरात एक फेरी मारून वापरात नसलेली तोंडे मोजली, तर पावसाळ्याआधी सगळ्या वस्तीचे काम होईल आणि त्या पोरांनाही चार पैसे मिळतील.

आमच्या घरात पुतण्या झाला त्याला आता काही महिने झाले. त्याच्या आईला काही त्रास झाला नाही. हे त्या कॅपांमुळेच झाले असे आम्ही म्हणणार नाही, पण तिला प्यायला दिलेल्या प्रत्येक पेल्याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

ज्यांच्या घरी सध्या दुरुस्ती चालू आहे त्यांना एवढीच विनंती. मिस्त्रीचा शेवटचा हिशेब चुकता करण्याआधी त्याला सोबत घेऊन घरभर फिरा. पूर्वी कुठे कुठे पाणी येत होते आणि कुठून जात होते, ते आईला किंवा आजीला विचारा, तिला सगळे आठवत असते. प्रत्येक जागी काय लावले ते मिस्त्रीला दाखवायला सांगा. जिथे तो नुसता सिमेंटवर हात ठेवील, तिथे पुन्हा फोडायला लावा. फरशी बसायच्या आधी हे काम एका दिवसाचे आहे.